आमचे नगर व मुलांचे चित्रप्रदर्शन

यंदाच्या स्नेहसंमेलनाबरोबर शाळेत विद्यार्थ्यांच्या चित्रांचे एक प्रदर्शन भरवावयाचे ठरले असून त्याचा विषय 'आमचे नगर' असा ठेवण्यात आला आहे. हा अंक वाचकांच्या हाती पडेल तेव्हा तयारी अर्ध्यावर आलेली असेल, व म्हणूनच त्याविषयी चार शब्द विद्यार्थ्यांस आणि विशेषेकरून पालकांस सांगणे आम्हांस अवश्य वाटते. प्रदर्शन उरकल्यावर केलेल्या टीकेचा उपयोग झालाच तर पुढील वर्षीच्या मुलांस होतो. यंदाच्या मुलांचे त्यात काही साधत नाही.

प्रथम नावाविषयी. शासनदरबारी आमच्या शहराचे व जिल्ह्याचे नाव २०२४ सालापासून अहिल्यानगर असे झाले आहे. पुण्यश्लोक अहिल्याबाईंचा जन्म १७२५ साली ह्याच जिल्ह्यातील चौंडी गावी झाला, हे बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहेच. त्यापूर्वी पाच शतके शहर अहमदनगर ह्या नावाने ओळखले जात होते. आणि भाजीवालीच्या, एस.टी.च्या वाहकाच्या व आमच्या स्वतःच्या तोंडी ते तेव्हाही नगर होते आणि आजही नगरच आहे. चित्राखाली यांपैकी कोणते नाव लिहावे, असा प्रश्न सहावीतील एका मुलाने केला असता आमच्या चित्रकलेच्या शिक्षकांनी "आधी चित्र तर काढ," असे उत्तर दिले. ते आम्हांस फार आवडले.

विषय जाहीर झाल्यावर प्रत्येकाने आपण काय काढणार ते चिठ्ठीवर लिहून द्यावे असे सांगितले होते. चिठ्ठ्या आल्या त्यांत भुईकोट किल्ला, चांदबिबीचा महाल, माळीवाड्यातील विशाल गणपती आणि रणगाड्यांचे संग्रहालय, एवढ्यांतच बहुतेक सारे नगर आटोपले होते. ही स्थळे आमच्या शहराची भूषणे आहेत, व ती मुलांनी काढू नयेत असे कोण म्हणेल? आमची तक्रार निराळी आहे. आठ दिवसांनी जे कच्चे कागद आले, त्यांत चांदबिबीच्या महालामागे दहा ठिकाणी एकच नारिंगी सूर्यास्त होता, आणि एकच पक्ष्यांची रांग त्याच कोपऱ्यातून उडत होती. मोबाइलवर नाव टाकताच जे छायाचित्र सर्वांत आधी येते, त्याची ती दहा भावंडे होती. हल्ली तर यंत्रास नुसता हुकूम सोडला की ते हवे तसे चित्र आयते काढून देते. तेही एक-दोघांनी करून पाहिले असावे असा आम्हांस संशय आहे, कारण एका कागदावर त्या महालास जो घुमट आला होता तसा कोणी कधी पाहिलेला नाही.

ज्यास आपण चांदबिबीचा महाल म्हणतो ती इमारत वस्तुतः महाल नव्हे, व चांदबिबीचा तिच्याशी संबंधही नाही. मुर्तजा निजामशहाचा मंत्री सलाबतखान याची ती कबर आहे. शहराच्या पूर्वेस डोंगरमाथ्यावर ती अष्टकोनी, तीन मजली, कमानींची इमारत उभी आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकी एकजण रविवारी वडिलांबरोबर तेथे जाऊन, दगडावर बसून चित्र काढून आला. त्याच्या कागदावर इमारत एका कडेस अगदी लहान असून बाकी सगळीकडे वाळलेले गवत एका बाजूस लवलेले आहे. वारा इतका होता की कागद धरता येईना, असे तो सांगत होता. कमानी त्याने मोजून काढल्या आहेत, त्या वाकड्या आहेत, आणि त्या दहा सूर्यास्तांपेक्षा हे चित्र आम्ही शंभर पटीने अधिक मोलाचे समजतो.

किल्ल्याचीही तीच गत. मुलांच्या कागदांवर किल्ला आला तो चौकोनी, उंच, चार कोपऱ्यांस चार मनोरे असलेला, म्हणजे एकतर दिवाळीत अंगणात करतात तसा, नाहीतर कोणा राजस्थानी राजाचा. आमचा किल्ला गोल आहे. हुसेन निजामशहाने १५५९ च्या सुमारास त्याचे दगडी काम करविले; त्याचा घेर एक मैलाहून थोडा अधिक असून सभोवती रुंद खंदक आहे. सपाटीवर असल्यामुळे तो दुरून उंच दिसत नाही. बराच जवळ जावे तेव्हा झाडीतून बुरूज दिसू लागतात. गोल किल्ला एका जागी उभे राहून संपूर्ण दिसतच नाही. मग तो काढावा कसा? चालत जावे, थांबावे, एक तुकडा काढावा, पुन्हा चालावे. नववीच्या एका तुकडीने हे करावयाचे मनावर घेतले आहे. आठ मुलांचे आठ तुकडे एकापुढे एक जोडून भिंतीवर लावले की निदान बाहेरून तरी किल्ला पुरा व्हावा. किल्ला लष्कराच्या ताब्यात असल्याने आत वाटेल तेथे बसून चित्र काढता येत नाही, हेही येथे सांगून ठेवतो, म्हणजे उत्साहाच्या भरात कोणी पहारेकऱ्याशी हुज्जत घालणार नाही. १९४२ च्या ऑगस्टपासून पंडित नेहरू, मौलाना आझाद प्रभृति पुढारी ह्याच किल्ल्यात बंदिवान होते, व 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' हा ग्रंथ नेहरूंनी येथेच लिहिला. त्या बंदिवासात ते बागकामही करीत. एका विद्यार्थिनीने किल्ल्याऐवजी केवळ ती बाग काढावयाचे ठरविले आहे. ती बाग तिने पाहिलेली नाही, तेव्हा ते कल्पनाचित्र होईल. तिने तसे चित्राखाली लिहावे, एवढेच आमचे म्हणणे.

आपल्या शहराचा चित्रकलेशी काय संबंध, असे काही पालक विचारतील. त्यांच्यासाठी एका जुन्या पोथीची हकीकत देतो. 'तारीफ-इ-हुसेनशाही' नावाचे एक फारसी काव्य आफताबी नामक कवीने निजामशाही दरबारी रचले. १५६५ ची तालिकोटची लढाई हा त्यातील एक प्रमुख विषय. त्याची सचित्र हस्तलिखित प्रत पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळात आहे, आणि दख्खनी चित्रकलेचे जे सर्वांत जुने नमुने आज उपलब्ध आहेत त्यांत तिच्यातील चित्रांची गणना होते. म्हणजे दख्खनी चित्रकलेचा इतिहास लिहावयास घेणाऱ्यास पहिल्या काही पानांतच आमच्या नगरास यावे लागते. ह्या चित्रांत हुसेनशहाशेजारी त्याची राणी खुंझा हुमायून हिची आकृती पुष्कळ ठिकाणी काढलेली होती. पतीच्या मृत्यूनंतर मुलगा अज्ञान असता तिने राज्यकारभार पाहिला; पुढे १५६९ च्या सुमारास त्याच मुलाने, म्हणजे मुर्तजाने, तिला कैदेत टाकले. त्यानंतर पोथीतील तिच्या आकृती एक सोडून सर्व पुसून किंवा रंग फासून नाहीशा करण्यात आल्या. राजाच्या शेजारी आज त्या जागी डाग दिसतो. ज्यास ही गोष्ट ठाऊक नाही त्याचेही लक्ष प्रथम त्या डागाकडेच जावे!

ही हकीकत आम्ही इतिहासाची आवड म्हणून सांगितली असे नाही. मुलाच्या चित्रावरही असाच रंग फासला जातो, आणि तो प्रेमाने फासला जातो. घरी थोरली बहीण म्हणते, "थांब, हे झाड मी नीट करून देते." शिकवणीतले मास्तर आकाशाची छटा उतरवून देतात. शाळेतही प्रदर्शनाची तारीख जवळ आली म्हणजे शिक्षकाच्या हातास खाज सुटते. पाहुणे येणार, शाळेचे नाव राहिले पाहिजे, म्हणून तो कुंचला उचलतो. ह्यास आमच्याकडे 'हात फिरवणे' असे गोड नाव आहे. हात फिरविलेले चित्र ओळखण्यास फारशी विद्वत्ता लागत नाही. झाड चाळीस वर्षांचे असते व त्याखालचा माणूस बारा वर्षांचा. मूल ते चित्र पाहुण्यांस दाखविताना मागे उभे राहते, पुढे येत नाही. कारण त्यातले आपले किती हे त्यास पक्के ठाऊक असते.

म्हणून यंदा असा नियम केला आहे की शिक्षकाने विद्यार्थ्याच्या कागदास कुंचला लावू नये. सांगावयाचे ते तोंडाने सांगावे, किंवा निराळ्या कागदावर काढून दाखवावे. पालकांनीही घरी हा नियम पाळावा अशी आमची आग्रहाची विनंती आहे. हे काही आमच्या डोक्यातून निघालेले नवे खूळ नव्हे. व्हिएन्ना शहरी फ्रान्झ सिझेक यांनी १८९७ साली मुलांसाठी चित्रकलेचा वर्ग उघडला तो मुलांस त्यांच्या मनाप्रमाणे काढू द्यावे ह्याच तत्त्वावर. आणि आपल्याकडे वर्ध्याजवळ सेवाग्राम येथे देवीप्रसाद यांनी १९४४ पासून खेड्यांतील मुलांबरोबर पुष्कळ वर्षे हेच काम केले. आपल्या शाळांत मात्र एलिमेंटरी व इंटरमीजिएट ह्या परीक्षांचे वजन मोठे. त्या परीक्षा निरुपयोगी आहेत असे आम्ही म्हणणार नाही. वस्तुचित्राच्या अभ्यासाने हात बसतो, आणि वाढीव गुण मिळतात ते कोणास नकोत? परंतु स्मरणचित्राच्या तयारीत जत्रा, बसस्थानक, पावसाळा अशी ठरीव चित्रे घोकून घेण्याची जी रीत पडली आहे, तिने मुलाची स्मरणशक्ती त्याची स्वतःची राहत नाही. नगरच्या मुलाने काढलेल्या बसस्थानकावर नारळाची झाडे असतात! ती त्याने कोठे पाहिली, हे त्यास विचारून पाहावे.

आता ज्या एका चित्रावरून शिक्षकांत व पालकांत यंदा बराच वाद झाला, त्याविषयी. आठवीतील एका विद्यार्थिनीने आपली आई विड्या वळीत बसलेली काढली आहे. नगरमध्ये पिढ्यान्‌पिढ्या विणकरांच्या पेठा आहेत. पुष्कळ माग थांबले, आणि त्या घरांतील अनेक स्त्रिया आज विड्यांवर संसार चालवितात. चित्रात आई उजेडासाठी उंबऱ्यालगत बसली आहे. मांडीवर सूप, सुपात जर्दा, पाने, कात्री, पत्र्याचा साचा व दोऱ्याचे रीळ. चेहरा पुसट आहे, हात मात्र अंगाच्या मानाने फार मोठे आले आहेत. आम्ही ते चित्र पुष्कळ वेळ पाहत उभे राहिलो. हातांचे प्रमाण चुकले आहे असे आमच्या एका सहकाऱ्यांनी म्हटले; आम्हांस ते चुकलेले वाटत नाही, पण ते राहो.

आक्षेप निघाला तो असा की विडी ही वस्तू शाळेत दाखवू नये. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकण्यास २००३ च्या कायद्याने बंदी आहे, तसा फलक आमच्याच फाटकावर आहे, आणि आत भिंतीवर विडीचे चित्र, हे शोभते काय? कायदा विक्रीस व जाहिरातीस आड येतो, आणि ते योग्यच आहे. तंबाखूने होणाऱ्या अपायाविषयी आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो व पुढेही सांगू. ह्या चित्रात विडी ओढणारा कोणी नाही. हजार विड्यांमागे ठरलेल्या मजुरीवर मुलीच्या वह्या आणणारी एक बाई आहे. ती जे करते ते नगरात होत नाही असे दाखवावयाचे असेल तर प्रदर्शनाचे नाव आपण बदलावे. दुसरा आक्षेप गावाच्या लौकिकाचा. बाहेरून पाहुणे येणार, त्यांना किल्ला दाखवावा, देवालये, मशिदी, चर्च दाखवावी. भंगाराची दुकाने, टँकरपुढची रांग, नाल्यावरची पत्र्याची घरे कशास? पाहुणे ज्या रस्त्याने येणार त्या रस्त्यावर हे सर्व आहे, तेव्हा त्यांच्यापासून आपण काय लपविणार! लपते ते फक्त त्या घरांतून येणाऱ्या मुलांपासून, आणि त्यांस एवढेच कळते की 'आमचे नगर' ह्या दोन शब्दांत आपले घर धरलेले नाही.

तिसरा आक्षेप खुद्द त्या मुलीच्या आईचा होता, व तोच एक आम्हांस खरोखर जड गेला. मुलीने घरी सांगितल्यावर ती शाळेत आली आणि म्हणाली, "आमच्या घरचं लोकांपुढं कशाला मांडायचं, सर?" ह्यास उत्तर देण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते. गरिबीचे चित्र काढून घेऊन भिंतीवर लावणे व पाहणाऱ्यांनी हळहळून निघून जाणे, हा प्रकार आम्हांसही ओंगळ वाटतो. तिला चित्र दाखविले. तिने ते हातात घेतले, दूर धरले, पुन्हा जवळ घेतले. मग मुलीकडे वळून म्हणाली, "पान भिजवलेलं असतं गं. असं वाळकं, कडा वळलेलं कुठं असतं? असल्या पानाची विडी होईल का?"

ह्या बोलण्यात आणि हात फिरविण्यात जो फरक आहे तो पालकांनी नीट ध्यानी घ्यावा असे आम्हांस वाटते. त्या बाईने कागदास हात लावला नाही. तिला जे ठाऊक होते ते तिने सांगितले, आणि त्या विषयात तिच्याइतके जाणणारे त्या खोलीत दुसरे कोणी नव्हते. मुलगी त्या संध्याकाळी आईजवळ बसून, ओल्या गोणपाटातून निघणारी पाने पाहून, दुसरे चित्र काढून आली. त्यात पाने मऊ पडली आहेत. हात तेवढेच मोठे आहेत.

चित्र लावण्यास आईने अद्याप होकार दिलेला नाही. नकारही दिलेला नाही. आमचे मत असे की तिने नको म्हटले तर ते लागू नये, आणि त्याविषयी तिला कोणी आग्रहही करू नये. परंतु विडी दिसते म्हणून ते काढा, असे जर प्रदर्शन समितीने ठरविले, तर त्या ठरावास आमची संमती मिळणार नाही.

साहित्याविषयी थोडे. एका मुलाजवळ परदेशी रंगांची पेटी असते व त्याच्या शेजाऱ्याजवळ अर्धे मोडलेले मेणखडू; मग चित्रे शेजारी शेजारी लागली की पाहणारा रंगपेटीस शाबासकी देऊन जातो. म्हणून यंदा सर्वांस शाळेकडून एकाच मापाचा कागद व एकाच प्रतीचे रंग मिळतील, आणि घरून आणावयाचे ते कोणासही सहज मिळेल असेच: चुलीतला कोळसा, गेरू, हळद, चुना. सातवीच्या मुलांनी नगरची काळी माती चाळून, डिंकात कालवून तिचा रंग करून पाहिला. तो वाळल्यावर भेगाळतो, आणि त्या भेगा उन्हाळ्यातल्या शेताच्या भेगांसारख्याच दिसतात, म्हणून त्यांनी तो तसाच ठेवला आहे. चौकटींचा खर्च करू नये. साधा तपकिरी पुठ्ठा पुरे. चित्रे मोठ्या माणसाच्या नजरेच्या उंचीवर लावण्याची पद्धत आहे, ती सोडून ती पाचवीतल्या मुलाच्या डोळ्यांसमोर येतील अशी खाली लावावयाची आहेत. मोठ्यांस थोडे वाकावे लागेल. क्रमांक व बक्षिसे असावीत की नसावीत ह्यावर समितीत अजून एकमत नाही. आम्ही नसावीत ह्या पक्षाचे आहोत, कारण बक्षीस जाहीर झाले की पाहणारे त्या तीन चित्रांपुढे गर्दी करतात व उरलेल्या भिंती ओस पडतात.

प्रत्येक चित्राखाली मुलाने स्वहस्ते दोन ओळी लिहावयाच्या आहेत: हे कोठले आहे, व आपण तेथे किती वेळ बसलो. दुसरी ओळ पुष्कळांस अवघड जाईल असे दिसते. कापडबाजारातल्या एका दुकानापुढे बसून काढणाऱ्या मुलाने लिहिले आहे की आपण दोन तास बसलो, पैकी एक तास दुकानदार "काय काढतोस, बघू" म्हणून चित्र आपल्याच हातात घेऊन बसला होता. ही ओळ जशीच्या तशी लागेल.

प्रदर्शन तीन दिवस राहील. शाळेच्या वेळात तर ते खुले असेलच. पण ज्या आईबापांचा दिवस मजुरीवर, दुकानात किंवा औद्योगिक वसाहतीतल्या पाळीवर जातो त्यांच्यासाठी तिन्ही दिवस सायंकाळी सात ते नऊ पुन्हा उघडण्याची व्यवस्था केली आहे, व त्या वेळी प्रत्येक वर्गाची चार मुले चित्रांजवळ उभी राहून माहिती सांगतील. रविवारी सकाळीही दारे उघडी असतील. भाषणे होणार नाहीत. येताना घरच्या म्हाताऱ्या माणसांस अवश्य बरोबर आणावे. दहावीतील एका विद्यार्थ्याने आपल्या आजोबांच्या सांगण्यावरून जुन्या खापरी नळांच्या हौदाचे चित्र काढले आहे. निजामशाहीत कापूरवाडी व इतर गावांकडून जमिनीखालून शहरात पाणी आणणारे जे नळ बांधले होते, त्यांवरचा तो हौद. तो नेमका कोणत्या गल्लीत होता ह्याविषयी आजोबा व त्यांचे मित्र यांच्यात तीव्र मतभेद आहे. दोघेही पहिल्या दिवशी संध्याकाळी येणार आहेत.